एर्नी डेव्हिस : हाइसमन ट्रॉफीपर्यंतची वाटचाल आणि नंतरचे दीड वर्ष

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूला १९३५ पासून हाइसमन ट्रॉफी दिली जाते. ती कृष्णवर्णीय खेळाडूच्या हाती यायला मात्र १९६१ साल उजाडावे लागले. हे खेळाडू म्हणजे सिराक्यूज विद्यापीठाचे एर्नी डेव्हिस. (हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे, लांबट चेंडू उराशी धरून प्रतिस्पर्ध्यांना चुकवत धावायचे आणि कापलेले अंतर यार्डांत मोजायचे, असा तो खेळ आहे.)

डेव्हिस यांचा जन्म १४ डिसेंबर १९३९ रोजी पेनसिल्व्हेनियातील न्यू सेलम येथे झाला. वडील त्यांच्या जन्माआधीच अपघातात गेले होते, त्यामुळे त्यांचे बालपण युनियनटाउन या कोळसा खाणींच्या परिसरातील गावी आजी-आजोबांकडे गेले. बोलताना अडखळणारा हा मुलगा बाराव्या वर्षी न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा येथे आईकडे राहायला आला. तेथील शाळेत फुटबॉलबरोबर बास्केटबॉलमध्येही तो चमकला. त्या काळात शाळेच्या बास्केटबॉल संघाने सलग ५२ सामने जिंकले.

अनेक विद्यापीठे बोलावत असताना डेव्हिस यांनी सिराक्यूज निवडले, त्यात तेथील माजी खेळाडू जिम ब्राउन यांच्या आग्रहाचा मोठा वाटा होता. ब्राउन यांचाच ४४ हा क्रमांक पुढे डेव्हिस यांच्या पाठीवर आला. १९५९ च्या हंगामात संघ राष्ट्रीय विजेता ठरला. १ जानेवारी १९६० रोजी डॅलसमधील कॉटन बोल सामन्यात सिराक्यूजने टेक्सासला २३-१४ असे हरवले, डेव्हिस यांनी ८७ यार्डांचा टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेणे) केला आणि सामन्याचे सर्वोत्तम खेळाडू तेच ठरले. तरीही त्या संध्याकाळच्या मेजवानीत कृष्णवर्णीय खेळाडूंनी बक्षीस घ्यावे आणि निघून जावे, अशी अट होती. ज्याच्या खेळाने सामना जिंकला त्याला जेवणाच्या पंगतीत जागा नाही, हा अपमान त्यांच्या कारकिर्दीच्या कोणत्याही वृत्तांतातून वगळता येणार नाही. तीन हंगामांत त्यांनी चेंडू घेऊन एकूण २,३८६ यार्ड धाव घेतली.

व्यावसायिक फुटबॉलमध्ये वॉशिंग्टनच्या संघाचे मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल यांनी तोवर एकही कृष्णवर्णीय खेळाडू घेतला नव्हता. त्यांचे नवे स्टेडियम केंद्र सरकारच्या जमिनीवर असल्याने सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या अंतर्गत खात्याचे तत्कालीन मंत्री स्ट्युअर्ट युडॉल यांनी हा भेद मोडण्यासाठी दबाव आणला, आणि त्यानंतरच्या नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत वॉशिंग्टनने पहिल्याच क्रमांकावर डेव्हिस यांना घेऊन लगेच कृष्णवर्णीय खेळाडू बॉबी मिचेल यांच्या बदल्यात क्लीव्हलँड ब्राउन्स या संघाकडे सोपवले. जिम ब्राउन तेथेच खेळत होते; दोघे एकत्र धावताना पाहण्याची उत्सुकता मोठी होती.

१९६२ च्या उन्हाळ्यात डेव्हिस यांना रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. १८ मे १९६३ रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, क्लीव्हलँडमध्ये त्यांचे निधन झाले. दफन एल्मायरात झाले. ब्राउन्स संघाने त्यांना दिलेला ४५ क्रमांक कायमचा निवृत्त केला. तो अंगावर घालून एकही अधिकृत सामना त्यांना खेळता आला नव्हता.