कुशीवर झोपणाऱ्यांनी गादीत हवा किती ठेवावी
(तंबू आणि फुगवायच्या गाद्या भाड्याने नेणाऱ्या ग्राहकांसाठी)

पारगड, कलानिधीगड, तिलारी, चोर्ल्याच्या बाजूला मुक्कामाला जाणारी मंडळी शनिवारी आमच्याकडून गाद्या नेतात आणि सोमवारी परत देताना दोनच तक्रारी सांगतात. एक म्हणजे "गादी दगडासारखी आहे ओ, रात्रभर खांदा धरला." आणि दुसरी, "पंक्चर आहे बघा, पहाटे खाली गेली." पहिली तक्रार करणारे बहुतेक सगळे कुशीवर झोपणारे असतात. दुसरी तक्रार आली की आम्ही ती गादी फुगवून, साबणाचं पाणी लावून, शिवणीन् शिवण बघतो. दहातल्या आठ-नऊ गाद्यांना काहीही झालेलं नसतं. या दोन्ही तक्रारी एकाच समजुतीतून येतात. गादी टम्म फुगली तरच ती नीट भरली, असं लोकांना वाटतं.

ही समजूत का होते तेही आमच्या लक्षात आलं आहे. तंबूत गादी फुगवली की माणूस आधी तिच्यावर बसून बघतो. बसल्यावर सगळं वजन एका जागी येतं, बूड जमिनीला टेकतं, आणि मग "हवा कमी आहे" म्हणून आणखी चार पंप मारले जातात. गादी बसण्यासाठी केलेलीच नाही. तिची परीक्षा आडवं होऊनच घ्यायची.

उताणं झोपलेल्या माणसाचं वजन पाठ, कुल्ले, पोटऱ्या असं पसरतं. कुशीवर वळलात की तेच वजन खांदा आणि खुबा या दोन ठिकाणी येतं आणि कमरेजवळ मधे पोकळी राहते. गादी टणक असेल तर खांदा आत जात नाही, मान एका बाजूला वाकते, खालच्या हाताला मुंग्या येतात. खांदा आणि खुबा थोडे आत रुतले पाहिजेत आणि कमरेखालचा गादीचा भाग वर येऊन कमरेला टेकला पाहिजे. म्हणून कुशीवर झोपणाऱ्याला जाड गादी लागते, पण ती मऊ भरलेली लागते. दोन इंची गादी टम्म भरून जे सुख मिळत नाही, ते तीन इंची गादी सैल ठेवून मिळतं. आमचे आज्जा कापसाच्या गाद्या भरायचे. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न, "कुशीवर झोपता की पाठीवर?" त्यावर कापूस किती आणि टाके किती जवळ हे ठरायचं. हवेच्या गादीत हे ठरवणं तुमच्या बोटाखालच्या वॉल्ववर आहे, एवढाच फरक.

आता नेमकं कसं करायचं ते सांगतो. गादी आधी पूर्ण भरा, पण पंपाची पिशवी (हवा कोंडून गादीत पिळायची ती) जोर लावून पिळू नका. रोज झोपता त्याच कुशीवर आडवे व्हा, उशी घ्या, गुडघे मुडपा. हात वॉल्वपर्यंत न्या आणि थोडा थोडा उघडा. हवा सुस्स करून जाते तसा आधी खुबा आत जातो, मग खांदा. खांद्यावरचा ताण सुटल्याचं तुमचं तुम्हालाच कळतं. तिथे वॉल्व बंद करा. आता सोबत्याला खुब्याच्या बरोबर खाली, गादीच्या तळाशी हात घालून बघायला सांगा. खुबा आणि जमीन यांच्यामध्ये अंगठ्याच्या जाडीएवढी हवा राहिली पाहिजे. खुबा जमिनीला लागत असेल तर पिशवीने थोडी हवा वाढवा. या सगळ्याला तीन मिनिटं लागतात, आणि ही तीन मिनिटं न दिल्यामुळे अख्खी रात्र कूस बदलण्यात जाते.

पहाटे गादी "खाली जाते" त्याचं कारण थंडी आहे. समजा संध्याकाळी तंबूत ३० अंश होते तेव्हा हवा भरली आणि पहाटे पारा १२ वर आला. आतली हवा आकसते, साधारण ६ टक्के. भोक नसतानाही गादी सैल लागते. कणकुंबी-जांबोटीकडच्या डिसेंबरच्या रात्री हे होणारच. म्हणून हवेचा शेवटचा हिशोब सूर्य मावळल्यावर, झोपायच्या वेळी करा. खरं पंक्चर असेल तर गादी सैल पडून थांबत नाही, खाली बसतच जाते.

उलटा प्रकार जास्त महाग पडतो. मागच्या थंडीत एका मंडळींनी वेळ वाचवायचा म्हणून गाद्या गावातच मोटारीच्या टायरच्या पंपाने भरून घेतल्या, टम्म, आणि गाडीत मागे कोंबल्या. गाडी दुपारभर उन्हात उभी. टायरमध्ये तीसेक पीएसआय दाब असतो, आमच्या गादीला एकही पुरा लागत नाही. बंद गाडीत हवा तापली, तिला पसरायला जागा नाही. गादीच्या आत वरचं आणि खालचं कापड धरून ठेवणाऱ्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्यातल्या दोन उकलल्या आणि नारळाएवढं टेंगूळ आलं. भोक पडलं तर आम्ही ठिगळ लावून देतो, आतली पट्टी सुटली तर ती गादी कायमची गेली. आज एक टेंगूळ असतं, पुढच्या मुक्कामाला शेजारची पट्टी सुटते.

म्हणूनच अनामत रक्कम आम्ही दुसऱ्या दिवशी परत देतो. काहींना हे आवडत नाही, "एवढा विश्वास नाही काय?" असंही ऐकावं लागतं. विश्वासाचा प्रश्न नाही. परत आलेली प्रत्येक गादी आम्ही फुगवून रात्रभर दुकानात ठेवतो आणि सकाळी बघतो, कारण पुढच्या शनिवारी तीच गादी घेऊन कुणीतरी घरापासून लांब सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळाच्या पठारावर, झोपणार असतं. त्याच कारणाने टायरचा पंप वापरलेला आढळला तर पैसे कापतो. पंपाची पिशवी प्रत्येक गादीबरोबर फुकट देतो, तीच वापरा. तोंडाने फुंकू नका. श्वासातली वाफ आत राहते आणि पावसाळी हवेत आतून बुरशी धरते.

कुशीवर झोपणाऱ्यांनी आणखी तीन-चार गोष्टी बघून घ्याव्यात. साधी गादी २० इंच रुंद असते, गुडघे मुडपले की ते बाहेर जातात. आमच्याकडे २५ इंचीही आहे, भाडं थोडं जास्त, पण अंगाने भरलेल्या माणसाने तीच न्यावी. उशी उताण्या झोपणाऱ्यापेक्षा उंच हवी, खांद्यापासून कानापर्यंतचं अंतर भरून निघेल इतकी. फुगवायच्या उशीवर अंगातला सदरा गुंडाळला की गाल घसरत नाही. कपड्यांची छोटी पिशवी गुडघ्यांमध्ये धरली तर कंबर पिळत नाही. आणि रात्री उशिरा झणझणीत रस्सा खाऊन ज्यांना जळजळते, त्यांनी डाव्या कुशीवर झोपावं, आम्ल वर येणं कमी होतं.

थंडी वरून जेवढी लागते त्याहून जास्त खालून लागते. स्लीपिंग बॅगचा अंगाखालचा भाग दाबून चपटा होतो, तो ऊब देत नाही, ती गादीच देते. सड्यावर जांभा उघडा असतो, रात्री गार पडतो, शिवाय करवंदाचे काटे आणि कारवीचे बुडखे असतातच. तंबू टाकायच्या आधी हाताने जागा चाचपून साफ करा. हवेच्या गादीखाली आमची फोमची पातळ चटई घातली तर काटाही अडतो आणि दोन्हींची ऊब एकत्र मिळते. घरची वाकळ किंवा घोंगडं असेल तर तेही चालतं, चटई घेतलीच पाहिजे असं नाही. उतार असेल तर डोकं वरच्या बाजूला ठेवा. आडव्या उतारावर कुशीवर झोपलेला माणूस रात्रभर घरंगळत राहतो.

भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्कामाला जाणार असाल तर आम्ही सामान देत नाही, कृपया आग्रह करू नये.

गादी ओली असेल तर घडी घालून आणू नका, वॉल्व उघडा ठेवून सैल गुंडाळून आणा, वाळवायचं आम्ही बघतो. दुकानाच्या मागच्या खोलीत दोन इंची आणि तीन इंची अशा दोन्ही गाद्या कायम फुगवून ठेवलेल्या असतात. न्यायच्या आधी चपला काढून दहा मिनिटं तुमच्या कुशीवर आडवे व्हा आणि वॉल्व स्वतः उघडून बघा.