एसआरव्ही रेकॉर्ड टाकताना ‘नाव’ हा रकाना नीट पाहा

डोमेनचे ए (आयपी पत्ता सांगणारा) आणि एमएक्स (ईमेलचा सर्व्हर सांगणारा) रेकॉर्ड आमच्या डीएनएस पॅनेलमध्ये बहुतेक ग्राहक स्वतःच टाकतात, तिथे काही अडत नाही. अडते ते इंटरनेट फोन किंवा चॅट सेवा डोमेनला जोडताना. सेवा देणारी कंपनी एसआरव्ही रेकॉर्डचा (सेवा कोणत्या सर्व्हरवर, कोणत्या पोर्टवर आहे ते सांगणाऱ्या नोंदीचा) तपशील पाठवते, तुम्ही तो भरता, दोन दिवस थांबता आणि मग आम्हाला विचारता, ‘रेकॉर्ड अजून लागू का झाला नाही?’ बहुतेक वेळा तो केव्हाच लागू झालेला असतो, पण भलत्याच नावाने.

कंपनीच्या ईमेलमध्ये _सिप._टीसीपी.एक्झाम्पल.कॉम असे पूर्ण नाव असते; यातले सिप म्हणजे इंटरनेट फोनचा प्रोटोकॉल, टीसीपी म्हणजे डेटा पाठवण्याचा. (इथे देवनागरीत लिहिले आहे, पॅनेलमध्ये इंग्रजी अक्षरेच टाका.) आमचे पॅनेल ‘नाव’ रकान्यातल्या मजकुरापुढे तुमचे डोमेन स्वतःच जोडते. पूर्ण नाव चिकटवलेत तर तयार होते _सिप._टीसीपी.एक्झाम्पल.कॉम.एक्झाम्पल.कॉम. नियमाने हे नाव वैध आहे, म्हणून पॅनेल हरकत घेत नाही. फोन मात्र त्या नावाची चौकशी कधीच करणार नाही. तेव्हा रकान्यात फक्त _सिप._टीसीपी एवढेच लिहा आणि सेव्ह केल्यावर यादीत दिसणारे पूर्ण नाव एकदा वाचा. दोन्ही अंडरस्कोर हवेतच.

दुबार आलेले डोमेन पॅनेलनेच का गाळू नये, असे काहीजण सुचवतात. शेवटी टिंब नसलेले नाव अपुरे मानून त्यापुढे डोमेन जोडायचे, ही झोन फाइलची (डोमेनचे रेकॉर्ड ठेवणाऱ्या फाइलची) जुनी रीत आहे आणि आम्ही ती पाळतो. तुमच्या मनात काय होते याचा अंदाज बांधून रेकॉर्ड बदलणे आम्हाला धोक्याचे वाटते. पूर्ण नावच लिहायचे असेल, तर शेवटी टिंब द्या.

‘टार्गेट’मध्ये आयपी पत्ता चालत नाही, तिथे सर्व्हरचे नाव लागते. त्या नावाला स्वतःचा ए किंवा एएएए (आयपीव्ही6 पत्त्याचा) रेकॉर्ड हवा, सीनेम (दुसऱ्या नावाकडे वळवणारा) नको. एसआरव्हीचे नियम ठरवणाऱ्या आरएफसी 2782 या दस्तऐवजात 2000 सालापासून हेच सांगितले आहे. म्हणून पॅनेल इथे आयपी नाकारते.

प्रायॉरिटीचा आकडा जितका लहान, तितका तो सर्व्हर आधी. वेट फक्त समान प्रायॉरिटीच्या सर्व्हरांमध्ये वाटणी करते. सर्व्हर एकच असेल तर वेट 0 ठेवा. पोर्ट कंपनी सांगेल तोच: सिपसाठी सहसा 5060, टीएलएस (एन्क्रिप्शन) असेल तर 5061. इथे पोर्ट लिहिल्याने फायरवॉलमधला पोर्ट उघडत नाही, तो वेगळा उघडावा लागतो.

क्रमही महत्त्वाचा आहे. रेकॉर्ड नसताना कुणी चौकशी केली, तर ‘असे नाव नाही’ हे उत्तरही काही काळ कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) राहते. म्हणून आधी रेकॉर्ड टाका, मगच कंपनीच्या पानावरचे ‘तपासा’ बटण दाबा. आमचा टीटीएल (उत्तर कॅशमध्ये ठेवण्याची मुदत) 3600 सेकंद असतो, त्यामुळे दुरुस्तीनंतर दोन दिवस थांबायची गरज नाही. तासाभराने पाहा.

तुमच्या डोमेनचे नेमसर्व्हर (त्याचे रेकॉर्ड इंटरनेटला सांगणारे सर्व्हर) दुसरीकडे असतील, तर आमच्या पॅनेलमधल्या रेकॉर्डचा काहीच उपयोग नाही. ते तिकडेच टाकावे लागतील. नेमसर्व्हर आमचे असतील आणि खात्री वाटत नसेल, तर कंपनीचा ईमेल आम्हाला पाठवा. रेकॉर्ड टाकून, बाहेरच्या रिझॉल्व्हरवरून (नावांची चौकशी करणाऱ्या सर्व्हरवरून) तपासून देतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही. फक्त स्क्रीनशॉट नको, मूळ मजकूर पाठवा. चित्रात टिंब आणि अंडरस्कोर हमखास निसटतात.