क्वेडलिनबुर्ग

जर्मनीच्या झाक्सन-आन्हाल्ट राज्यातील जुने शहर. हार्ट्‌स पर्वताच्या उत्तर पायथ्याशी, बोडे नदीकाठी ते वसले आहे. लाकडी सांगाड्याची दोन हजारांहून अधिक घरे येथे उभी आहेत. १९९४ मध्ये युनेस्कोने शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

जर्मन राजा पहिला हाइनरिश ९३६ मध्ये वारला. त्याला येथील टेकडीवर पुरण्यात आले आणि त्याची विधवा राणी माटिल्डे हिने तेथे उच्चकुलीन स्त्रियांचा मठ स्थापला. पुढे आठशेहून अधिक वर्षे या मठाच्या प्रमुख स्त्रिया शहराच्या स्वामिनी होत्या. व्यापारी नागरिकांना हे नेहमीच रुचले असे नाही. १४७७ मध्ये त्यांचा विरोध सैन्यबळाने मोडला गेला आणि त्यांच्या स्वातंत्र्याचे प्रतीक असलेला, दंतकथांतील शूरवीर रोलांड याचा पुतळा पाडण्यात आला. आज तो नगरभवनापाशी पुन्हा उभा आहे.

येथील बांधणीला जर्मनमध्ये फाखवेर्क म्हणतात. खांब, तुळया आणि तिरके टेकू खाचा पाडून एकमेकांत बसवायचे. मधले खण कुडाने भरून वर माती लिंपायची, किंवा विटा रचायच्या. भार लाकूड पेलते, भिंत फक्त आडोसा. वरचे मजले रस्त्यावर पुढे काढलेले असतात. त्यांच्या तुळयांवर पंख्यासारखी अर्धवर्तुळे आणि पीळदार दोर कोरलेले दिसतात. शहराला सरसकट मध्ययुगीन म्हणण्याची प्रथा असली, तरी गल्ल्यांची आखणी तेवढी त्या काळची; बहुतेक घरे सोळाव्या ते अठराव्या शतकातील आहेत. वोर्डगासे या गल्लीतील चौदाव्या शतकाचे घर हा ठळक अपवाद. जमिनीपासून छपरापर्यंत अखंड खांब असलेल्या या घरात आता फाखवेर्कचे संग्रहालय आहे.

दुसऱ्या महायुद्धात शहर जवळपास शाबूत राहिले. पूर्व जर्मनीच्या राजवटीत जुनी वस्ती पाडून काँक्रीटच्या इमारती उभारण्याचा बेत होता. पैशांअभावी तो पुरता तडीस गेला नाही. डागडुजीलाही पैसा नव्हता, त्यामुळे १९८९ पर्यंत असंख्य घरे मोडकळीस आली होती. गरिबीने वाचवले आणि गरिबीनेच खिळखिळे केले, असा हा प्रकार.

पर्यटक सहसा बाजारचौकातून टेकडीवरच्या चर्चकडे चढतात. १९४५ मध्ये एका अमेरिकी अधिकाऱ्याने या चर्चच्या मौल्यवान वस्तू चोरून टपालाने टेक्सासला धाडल्या होत्या; त्यांपैकी बहुतेक परत येऊन तेथील खजिन्यात ठेवल्या आहेत. समोरची म्युन्त्सेनबेर्ग ही टेकडी मात्र अनेकांच्या नजरेतून सुटते. तेथे ओसाड पडलेल्या दुसऱ्या एका मठाच्या भिंतींतच गोरगरिबांनी चिमुकली घरे बांधली. काहींच्या तळघरांत चर्चचे अवशेष अजून आहेत. रस्ते दगडी गोट्यांचे असल्याने जाड तळव्याचे बूट बरे.