टाकी गप्प झाली तर मोटरने काय करावं?

नदीकाठी जॅकवेल, म्हणजे मोटरने नदीचं पाणी उपसायची विहीर, तीन किलोमीटरवर डोंगरात एक लाख लिटरची टाकी. सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठी, हे चित्र कुणालाही ओळखीचं वाटेल. समजा, टाकीवरचा सेन्सर दर 30 सेकंदांनी 865 ते 868 मेगाहर्ट्झच्या विनापरवाना रेडिओपट्ट्यातून निरोप धाडतो: पातळी 40 टक्क्यांखाली गेली की मोटर चालू, 90 ला बंद. दोन आकड्यांत एवढं अंतर मुद्दाम ठेवायचं, नाहीतर पाणी नुसतं हिंदकळलं तरी स्टार्टर खटखटत राहील.

पण अँटेनासमोर ऊस वाढतो, टाकीवरची बॅटरी उतरते आणि निरोप गळू लागतात. (पावसाला दोष देऊ नये. या लहरी सरींना जुमानत नाहीत. कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी मात्र घात करतं.) शेवटचा आकडा 60 टक्के होता, तोच खरा मानून बसलं तर रात्रभर टाकी ओसंडते. उलट एक निरोप चुकताच मोटर थांबवली तर तासाला दहा वेळा चालू-बंद होऊन मोटरमधलं तारांचं वेटोळं, म्हणजे वाइंडिंग, तापतं.

उत्तर साध्या गणितात आहे. मोटर ताशी जास्तीत जास्त 40,000 लिटर चढवते. 60 वरून 90 टक्क्यांसाठी 30,000 लिटर लागतात, म्हणजे 45 मिनिटं. गावात नळ सुटले असतील तर पातळी याहून कमीच भरेल, जास्त नाही. तेव्हा 45 मिनिटं डोळे मिटून चालवायला हरकत नाही. पुढे एक मिनिटही नाही.

1980च्या दशकात रॅमेज आणि वोनम या नियंत्रणशास्त्राच्या अभ्यासकांनी मांडलेला पर्यवेक्षी नियंत्रणाचा सिद्धांत याच वळणाचा. पर्यवेक्षक, म्हणजे यंत्रावर नजर ठेवणारा नियंत्रक, घटना घडवत नाही, काही घटना अडवतो; लाइट जाणं त्याला अडवताच येत नाही. माहिती तुटपुंजी असेल तर शक्य त्या सगळ्या स्थिती धरायच्या, आणि त्यांतल्या एकीतही अपाय करील ती गोष्ट रोखायची.

मोटरला 'बंद' हीच सुरक्षित स्थिती. धरणाच्या दरवाजांना हा नियम लावू नये: पुरात ते आपोआप मिटले तर धरणाला धोका, आपोआप उघडले तर खालच्या गावांना. तिथे संपर्क तुटला की आहे तसं राहावं, माणसानं जागेवर ठरवावं.

निरोपाची भाषाही जपावी. 'बटण दाब' असं कधी पाठवू नये. पोच हरवली म्हणून तोच निरोप पुन्हा गेला की चालू मोटर बंद पडते. 'चालू राहा, कमाल 45 मिनिटं, क्रमांक 218' असं पाठवावं. मागाहून रखडत आलेला 217 टाकून द्यायचा.

एवढं करूनही स्टार्टरला जुना ऑटो लटकलेला असतो. लाइट येताच तो कुणालाही न विचारता मोटर चालू करतो. आधी तो काढा.