कारखान्यातल्या डोळ्यांना चष्मा कधी मिळाला?

छिन्नीवर हातोडा बसला की लोखंडाची कपची उडते. ती टाचणीच्या टोकाएवढी असली, तरी वेगामुळे बुबुळ भेदून डोळ्याच्या आत जाऊ शकते. जखम लहान असते, कधी फारशी दुखतही नाही. पण आत राहिलेलं लोखंड गंजू लागतं आणि हळूहळू दृष्टिपटल निकामी करतं. १८७९ मध्ये बर्लिनचे नेत्रवैद्य ज्युलियस हिर्शबर्ग यांनी विद्युतचुंबकाने असा कण डोळ्याबाहेर ओढून काढला. शस्त्रक्रियेतला हा मोठा टप्पा खरा, पण मला एक गोष्ट खटकते. कण काढायचं साधन आलं, तेव्हा तो आत जाऊ नये म्हणून लागणारा चष्मा बहुतेक कामगारांकडे नव्हता.

कल्पना सुचली नव्हती असं नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकेत पी. जॉन्सन यांनी भट्टीवरच्या कामगारांसाठी डोळ्यांच्या संरक्षकाचं पेटंट घेतलं. अडत होतं ते खर्चापाशी. डोळा गेला तर नुकसान कामगाराचं, आणि मालकाचा दोष सिद्ध करण्याची जबाबदारीही त्याचीच. जर्मनीने १८८४ मध्ये अपघात विमा आणला, ब्रिटनने १८९७ मध्ये भरपाईचा कायदा केला. गेलेल्या डोळ्याचे पैसे मालकांकडून जाऊ लागले, तेव्हा गॉगलचा खर्च त्यांना स्वस्त वाटू लागला. माझ्या मते या इतिहासातलं खरं वळण कुठल्याही शोधापेक्षा हेच आहे.

सगळ्या इजा कणांमुळेच होतात असंही नाही. वितळलेल्या काचेसमोर वर्षानुवर्षं उभं राहणाऱ्या काचकामगारांना मोतीबिंदू व्हायचा. त्यांच्यासाठी ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम क्रुक्स यांनी शेकडो प्रकारच्या काचा बनवून तपासल्या आणि उष्णतेचे व अतिनील किरण अडवणाऱ्या काचांची माहिती १९१४ मध्ये प्रसिद्ध केली. वेल्डिंगच्या गडद काचा त्याच वाटेवरच्या.

पण काच फुटते, आणि फुटली की तिचेच तुकडे डोळ्यात जातात. १९५३ मध्ये जर्मनीत आणि अमेरिकेत स्वतंत्रपणे तयार झालेल्या पॉलिकार्बोनेट या चिवट, पारदर्शक प्लास्टिकने पुढे ही भीती बरीच कमी केली. अमेरिकी मानकाच्या कडक चाचणीत ६.३५ मिलिमीटरची पोलादी गोळी सेकंदाला सुमारे ४६ मीटर वेगाने चष्म्यावर मारतात. भिंग तडकता कामा नये, फ्रेममधून निसटताही कामा नये.

तरीही १९८० मधल्या अमेरिकी सरकारी पाहणीत डोळ्याला इजा झालेल्या दर पाच कामगारांपैकी तिघांनी चष्मा घातलाच नव्हता. त्यांना बेफिकीर म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. घामाने धूसर होणारा, कानामागे रुतणारा चष्मा आठ तास कोण घालेल? आणि ज्यांनी घातला होता, त्यांच्यातही कडेचं झाकण नसलेले चष्मेच जास्त दिसले. कणाला कडेची तेवढी फट पुरत होती.