गाळण्याचे काम कापडाकडे: पिशवीत मॅश करून बिअर बनवण्याच्या पद्धतीची पार्श्वभूमी

एका मोठ्या पातेल्यात पातळ जाळीदार कापडाची पिशवी तोंडाशी दुमडून बसवायची, पातेल्यातले पाणी ७० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवायचे, त्यात भरडलेले माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली ओतायची, हे मिश्रण, म्हणजे मॅश, तास-दीड तास झाकून ठेवायचे आणि मग पिशवी उचलून निथळू द्यायची. पातेल्यात उरलेल्या गोड पाण्याला वॉर्ट म्हणतात. त्यात हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुले, घालून ते त्याच पातेल्यात उकळायचे, निववायचे आणि यीस्ट टाकून आंबायला ठेवायचे. घरी बिअर करणाऱ्यांमध्ये ‘ब्रू इन अ बॅग’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत २००६ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील हौशी मंडळींनी आपसांत प्रयोग करून घडवली. तीन भांड्यांचे काम एका भांड्यावर आले, ही तिची सर्वांना दिसणारी सोय आहे. तिच्या मुळाशी असलेला बदल मात्र वेगळा आहे: शेकडो वर्षे धान्य स्वतःच करत आलेले गाळण्याचे काम या पद्धतीत कापडाकडे गेले. हे समजण्यासाठी आधी धान्य ते काम कसे करते, हे पाहावे लागते.

बार्लीच्या दाण्याला घट्ट चिकटलेले तूस असते आणि मळणीनंतरही ते सुटत नाही. खाण्याच्या दृष्टीने ही अडचण असली, तरी बिअर करणाऱ्याला ते हवेच असते. माल्ट भरडताना दाणा फुटावा पण तूस शक्यतो अख्खे राहावे, अशा बेताने चक्कीचे रूळ लावले जातात. गरम पाण्यात माल्टमधील एन्झाइम्स पिठूळ भागातील स्टार्चची साखर करतात, आणि त्यानंतर तळाच्या सच्छिद्र पत्र्यावर तुसांचा जो थर बसतो, त्यातूनच वॉर्ट हळूहळू पाझरत खाली येतो. पत्रा केवळ थराला आधार देतो, खरी गाळणी तुसांची असते. म्हणूनच माल्ट फार बारीक दळले किंवा तूस नसलेल्या गव्हाचे प्रमाण वाढले, की थर चिखलासारखा बसतो, तोटीतून थेंबही येत नाही आणि बिअर करणाऱ्याचा सगळा दिवस फुकट जातो. फिनलंडमध्ये साहती नावाची घरगुती बिअर करताना कुर्ना ही ओंडका कोरून केलेली लांबट डोणी वापरतात. तिच्या तळाशी जुनिपर या सदाहरित झुडपाच्या डहाळ्या किंवा पेंढा अंथरून त्यावर मॅश ओतला जातो, आणि तेथेही डहाळ्यांवर साचणाऱ्या तुसांच्या थरातूनच वॉर्ट उतरतो.

थरातून पहिला वॉर्ट उतरल्यावरही धान्यात बरीच साखर अडकलेली असते. जुन्या इंग्लिश पद्धतीत त्याच धान्यावर दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा पाणी घालून उत्तरोत्तर सौम्य होत जाणाऱ्या बिअर काढल्या जात. स्कॉटलंडमध्ये मात्र धान्यावर वरून गरम पाण्याची धार सतत शिंपडून साखर धुऊन काढण्याची रीत रुळली आणि एकोणिसाव्या शतकात ती इंग्लंडमध्येही पसरली. या शिंपण्याला स्पार्जिंग म्हणतात. त्यासाठी पाणी तापवण्याचे एक, मॅश करण्याचे व गाळण्याचे दुसरे आणि वॉर्ट उकळण्याचे तिसरे, अशी निदान तीन भांडी लागतात. हजारो लिटर बिअर काढणाऱ्या कारखान्याला ही मांडणी पूर्ण सोयीची आहे, कारण तेथे धान्यातला प्रत्येक टक्का म्हणजे पैसा असतो आणि टनभर ओले धान्य उचलण्याचा प्रश्नच येत नाही. तोटी उघडली की वॉर्ट आपल्या वजनाने खाली येतो, धान्य जागच्या जागी राहते.

घरगुती बिअरचा मार्ग मधल्या काळात कायद्याने अडवला होता. ब्रिटनमध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी १८८० मध्ये माल्टवरचा जुना कर काढून तयार होणाऱ्या बिअरवर कर लावला आणि घरी बिअर करणाऱ्यांनाही परवान्याच्या कक्षेत आणले. ती अट १९६३ मध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी रद्द केली. ऑस्ट्रेलियात १९७० च्या दशकाच्या आरंभी व्हिटलॅम सरकारने निर्बंध उठवले. अमेरिकेत दारूबंदी १९३३ मध्ये संपली तरी घरी बिअर करण्याला केंद्रीय कायद्याची संमती मिळण्यासाठी १९७८ उजाडावे लागले: अध्यक्ष कार्टर यांनी त्या वर्षीच्या १४ ऑक्टोबरला विधेयकावर सही केली आणि पुढच्या फेब्रुवारीत तरतूद लागू झाली. (महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्यनिर्मिती हा आजही गुन्हा आहे. त्यामुळे मेलबर्न किंवा सिडनीत राहणाऱ्या मराठी माणसाला हा छंद उघडपणे जोपासता येतो, तसा पुण्या-मुंबईत येत नाही.)

बंधने सुटल्यावर घरी बिअर करू लागलेल्यांपुढे दोन वाटा होत्या. एक म्हणजे आधीच तयार केलेला दाट माल्ट अर्क पाण्यात मिसळून आंबवणे. ऑस्ट्रेलियात हीच वाट सर्वांत रुळली आणि ॲडलेडच्या कूपर्स या १८६२ पासूनच्या कंपनीचा १.७ किलोचा अर्काचा डबा व त्यातून होणारी २३ लिटर बिअर हे तेथील छंदाचे जणू मापच ठरले. दुसरी वाट अख्ख्या धान्यापासून सुरुवात करण्याची होती. ती धरणाऱ्यांनी कारखानाच छोटा करून घरात आणला: सहलीला न्यायच्या थंडपेटीत भोके पाडलेला तांब्याचा पाइप बसवून मॅश टन, म्हणजे मॅश करण्याचे व गाळण्याचे भांडे, वर पाण्याची टाकी, खाली उकळायचे पातेले, आणि हे सगळे उतरत्या तीन पायऱ्यांवर. अमेरिकेत एकात एक बसवलेल्या दोन प्लॅस्टिकच्या बादल्यांचाही उपाय निघाला, ज्यात आतल्या बादलीच्या तळाला ड्रिलने शेकडो भोके पाडलेली असत. कल्पकतेला तोटा नव्हता, पण कारखान्याची मांडणी घरालाही लागतेच, हे गृहीत मात्र कोणी फारसे तपासले नव्हते.

कापड तोवर कोणाच्या हाती आलेच नव्हते, असे नाही. ब्रिटनमध्ये १९७० आणि ८० च्या दशकांत विजेवर तापणाऱ्या बादलीसोबत जाळीदार तळाच्या धान्यपिशव्या विकल्या जात. अमेरिकेत अर्काच्या बिअरला रंग-चव आणण्यासाठी मूठ-दोन मूठ भाजके माल्ट मलमलच्या पुरचुंडीत बांधून भिजवत. परंतु ब्रिटिश पिशवी ही सच्छिद्र पत्र्याची जागा भरून काढणारी वस्तू होती आणि तिच्यावर पाणी शिंपडणे चालूच राहिले. मोठ्या उद्योगाने तर कापडाचा धडा फार आधी गिरवला होता. बेल्जियममधील मेउरा कंपनीने १९०१ च्या सुमारास मॅश गाळण्याचे असे यंत्र आणले, ज्यात मॅश कापड लावलेल्या चौकटींच्या मध्ये भरून दाबाने गाळला जातो. गाळणारे कापड असल्यामुळे तूस जपण्याची गरज उरत नाही आणि धान्य पिठासारखे बारीक दळता येते. घरातल्या पिशवीचे शास्त्र हेच आहे. घरगुती मंडळींना ते दुसऱ्या टोकाकडून, पातेल्याकडून सापडले.

ऑस्ट्रेलियन प्रयोगकर्त्यांनी दोन गोष्टी एकदम बदलल्या. पिशवी त्यांनी पातेल्याएवढीच मोठी शिवली, म्हणजे धान्य तिच्यात दाटून न बसता सगळ्या पाण्यात मोकळे फिरते. आणि पाणी दोन हप्त्यांत न विभागता सुरुवातीलाच सगळे घातले. २३ लिटर बिअरसाठी साधारण ५ किलो माल्ट धरले, तर सुमारे ३३ लिटर पाणी लागते. त्यातले तीन-साडेतीन लिटर धान्य शोषून घेते, चार-एक लिटर उकळताना वाफ होऊन जाते आणि थोडे तळच्या गाळात राहते. त्यामुळे ५० लिटरचे पातेले असले की काम निर्धास्त होते. पाणी इतके असल्यामुळे ५ किलो थंड माल्ट घातल्यावरही तापमान जेमतेम तीन अंश उतरते, आणि गोधडीत गुंडाळलेले पातेले तासभर ६६-६७ अंशांवर सहज टिकते. कापडासाठी त्यांनी पडद्यांच्या दुकानातील पॉलिएस्टरचे स्विस व्हॉइल निवडले. आपल्याकडे आजीच्या पिढीने वापरलेल्या वायल साड्यांचे नाव याच शब्दावरून आले, पण ते सूत होते. पडद्याचे पॉलिएस्टर उकळत्या पाण्याला दाद देत नाही, पाणी पीत नाही आणि दोरीवर तासाभरात वाळते.

त्या काळातील ऑस्ट्रेलियाची परिस्थितीही लक्षात घ्यावी लागते. देश दीर्घ दुष्काळातून जात होता आणि शहरांत पाणीवापरावर बंधने होती. उकळता वॉर्ट वाहत्या पाण्याने निववण्याऐवजी जाड प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये भरून रात्रभर आपोआप निवू देण्याची रीत याच हौशी वर्तुळात रुजली. कमी भांडी आणि कमी धुणे हे अशा वातावरणात पटण्यासारखेच होते. पण माझ्या मते त्याहून मोठे कारण अर्काच्या डब्याचे आहे. डब्यापासून अख्ख्या धान्याकडे जाऊ पाहणाऱ्याला मध्ये मोठी दरी दिसत होती, आणि एक पातेले व चार मीटर पडद्याचे कापड ही दरी ओलांडायला पुरेसे ठरले.

जाणकारांच्या शंका मात्र पुष्कळ होत्या आणि त्या पोकळ नव्हत्या. नेहमीच्या मॅशमध्ये किलोमागे अडीच-तीन लिटर पाणी असते, येथे ते सहा-सात लिटर होते. इतक्या पातळ मॅशमध्ये एन्झाइम्स विरळ होतात आणि उष्णतेने लवकर निकामी होतात, त्यामुळे साखर पुरती होणार नाही, अशी भीती होती. प्रत्यक्षात आजच्या माल्टमध्ये एन्झाइम्स गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतात आणि स्टार्चही माल्ट करतानाच बराच मोकळा झालेला असतो, म्हणून तासाभरात रूपांतर पूर्ण होते. धान्याच्या सौम्य आम्लतेला जास्त पाणी आवरावे लागते, ही अडचण खरी निघाली. अल्कधर्मी पाणी असलेल्या गावांत पीएच ५.२ ते ५.६ च्या पट्ट्यात ठेवण्यासाठी थोडे आम्ल किंवा कॅल्शियमचे क्षार घालावे लागतात. शिंपण न केल्याने साखर वाया जाईल, या शंकेला बारीक दळणाने उत्तर दिले. दाण्याचा भुगा झाला तरी पिशवी अडत नाही, म्हणून पातळ मॅशमध्ये गमावलेले बरेचसे दळणात परत मिळते.

सर्वांत जास्त वाद पिशवी पिळण्यावरून झाला. निथळणारी ओली पिशवी आठ-दहा किलोंची भरते. ती छताच्या हुकाला किंवा शिडीला कप्पी लावून टांगलेली असते, खालून तिचा गोळा श्रीखंडाच्या चक्क्यासारखा दिसतो आणि धार बारीक होत थेंबांवर आली की हात आपोआप पिळायला जातो. जुन्या पुस्तकी शिकवणीप्रमाणे पिळले की तुसातले टॅनिन उतरून बिअर तुरट होणार. पण टॅनिन ओढून काढतात ते ७७-७८ अंशांवरचे तापमान आणि वाढलेला पीएच. शिंपण्याच्या शेवटी साखर संपून नुसते पाणीच धान्यातून जाऊ लागते, तेव्हा ही दोन्ही संकटे एकत्र येतात. पिशवीतल्या पूर्ण गोडीच्या, आम्लधर्मी वॉर्टमध्ये दाबाने तसे काही घडत नाही. रबरी हातमोजे चढवून पिळणारे बिनधास्त पिळू लागले आणि तुरटपणाची तक्रार हळूहळू मागे पडली. वॉर्ट मात्र गढूळ निघतो, हे खरेच आहे. उकळताना आणि आंबवून झाल्यावर त्यातला बराच गाळ खाली बसतो, पण तुसांच्या थरातून फिरवून काढलेल्या वॉर्टसारखी नितळता पातेल्यात दिसत नाही.

पुढील काही वर्षांत जर्मनीच्या स्पायडल कंपनीचे ब्राउमाइस्टर आणि नंतर न्यूझीलंडचे ग्रेनफादर अशी विजेवर चालणारी एका भांड्याची यंत्रे आली. त्यांत पिशवीच्या जागी स्टीलचे उचलता येणारे नळकांडे किंवा टोपली असते आणि पंप वॉर्ट धान्यातून फिरवत राहतो. धान्य वर उचलण्याची कल्पना तीच, पण गाळणी मात्र पुन्हा तुसांचीच, त्यामुळे जाडसर भरडणे आणि थर अडकण्याची धास्तीही परत आली. या यंत्रांचे काही मालक आता महागड्या स्टीलच्या टोपलीत आतून पडद्याच्या कापडाची पिशवी बसवतात आणि माल्ट पुन्हा बारीक दळतात.