लिटरच्या ट्रेत बसलेलं मांजर

बेघर प्राण्यांच्या निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजराला पिंजऱ्यात सोडलं की थोड्या वेळाने ते बऱ्याचदा एका विचित्र जागी सापडतं: लिटरच्या, म्हणजे शी-शूसाठी ठेवलेल्या मातीच्या ट्रेत. पाठ कोपऱ्याला टेकलेली, चारी पाय पोटाखाली, शेपटी अंगाला गच्च लपेटलेली, कान चपटे, बाहुल्या इतक्या विस्फारलेल्या की डोळ्यांचा रंगच दिसू नये. शेजारी घडी घालून ठेवलेल्या स्वच्छ टॉवेलकडे ते ढुंकूनही बघत नाही. बघणाऱ्याला वाटतं, काय घाणेरडं मांजर आहे! खरं तर मांजर हा कमालीचा टापटिपीचा प्राणी. तरीही ते शी-शूच्या भांड्यात जाऊन बसतं, कारण अख्ख्या पिंजऱ्यात अंगाभोवती भिंत देणारी वस्तू तेवढी एकच असते.

आता त्याच पिंजऱ्यात पुठ्ठ्याचा एक खोका आडवा ठेवा. मांजर ट्रेतून उठून खोक्यात जातं. एवढ्या साध्या गोष्टीवर रीतसर प्रयोग झाले आहेत. २०१४ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी निवाऱ्यात नव्याने आलेल्या १९ मांजरांपैकी १० जणांना लपायला खोका दिला आणि ९ जणांना दिला नाही. खोकेवाली मांजरं तिसऱ्या-चौथ्या दिवशीच स्पष्टपणे निवांत दिसू लागली. बाकीचीही सावकाश सावरली, पण त्यांचे मधले दिवस भीतीत गेले. १९ मांजरं म्हणजे फार मोठा नमुना नव्हे, हे खरं. पण पुढे २०१९ साली अशाच आणखी एका प्रयोगातही खोका मिळालेली मांजरं लवकर सावरली.

ताण मोजायचा कसा? मांजर तर काही सांगत नाही. केसलर आणि टर्नर या संशोधकांनी १९९७ साली यासाठी सात पायऱ्यांची एक मोजपट्टी मांडली. पोट जमिनीला टेकलंय का, कान कुठे वळलेत, मिशा पुढे आहेत की मागे, श्वास किती जलद चाललाय, बाहुल्या केवढ्या आहेत, हे लांबून पाहायचं आणि १ ते ७ मधला आकडा द्यायचा. १ म्हणजे पाय पसरून लोळणारं मांजर, ७ म्हणजे भीतीने गोठून गेलेलं. या पट्टीचा मोठा उपयोग असा, की नवखा माणूस ज्याला 'शांत' समजतो ते घाबरलेलं मांजर त्यात नीट ओळखता येतं. मांजर डोळे मिटून दूध पितं हे आपण ऐकत आलोय. पिंजऱ्यातलं मांजर डोळे मिटून घाबरतं. ते झोपल्यासारखं दिसतं, पण मान ताठ असते आणि अंग कुठेही सैल पडलेलं नसतं. 'हे तर आल्यापासून झोपूनच आहे' असं कुणी म्हणालं, तर त्या मांजराकडे आधी जाऊन बघावं.

आपल्या घरातल्या मांजराचा पूर्वज आफ्रिकी रानमांजर. ते एकटं राहणारं, उंदरांची शिकार करणारं आणि स्वतःही मोठ्या प्राण्यांची शिकार होणारं. कळपाचा आधार नसलेल्या अशा प्राण्याकडे संकटाला एकच हुकमी उत्तर असतं, दडून बसणं. १९९३ साली प्रयोगशाळेतल्या मांजरांवर झालेल्या एका अभ्यासात काही मांजरांची रोजची निगा मुद्दाम अनियमित केली गेली: वेळ ठरलेली नाही, हाताळणारा कधी येईल याचा भरवसा नाही. या मांजरांच्या लघवीत कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढलं. मात्र त्यातही जी जास्त लपू शकली, त्यांच्यात ते कमी होतं. म्हणजे लपणं हा मांजराने स्वतःवर चालवलेला इलाजच आहे. 'लपून बसलं तर दत्तक घ्यायला आलेल्या लोकांना दिसणार कसं?' म्हणून खोका काढून घेणारे लोक असतात. त्यांनी ट्रेत बसलेलं मांजर लोकांना कितपत आवडतं, याचाही विचार करावा.

हे सगळं मनाच्या सुखापुरतं असतं तर 'बिचारं घाबरलंय, होईल सवय' म्हणून सोडूनही दिलं असतं. पण गोष्ट शिंकांपर्यंत जाते. निवाऱ्यातला सगळ्यात चिवट आजार म्हणजे मांजरांची सर्दी: गळणारं नाक, चिकटलेले डोळे, आणि वास येत नाही म्हणून अन्नाला तोंड न लावणं. तिच्यामागे बहुतेक वेळा दोन विषाणू असतात, मांजरांचा हर्पिस आणि कॅलिसी. त्यातला हर्पिस मोठा धूर्त. एकदा शरीरात शिरला की चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या गाठीत जन्मभर मुक्काम ठोकतो. एरवी तिथे गप्प असतो. मांजरावर ताण आला की जागा होतो. नुसती राहण्याची जागा बदलली तरी तो जागा होऊ शकतो. ताण आल्यापासून साधारण आठवड्याभराने नाका-डोळ्यांतून विषाणू बाहेर पडू लागतात आणि हे एक-दोन आठवडे चालतं. म्हणून आल्या दिवशी ठणठणीत असलेलं मांजर सातव्या-आठव्या दिवशी शिंकू लागतं. सगळे चिडून विचारतात, 'संसर्ग आणला कोणी?' अनेकदा तो त्या मांजराने स्वतःच आणलेला असतो, आणि जागा केलेला असतो पिंजऱ्याने.

उत्तर अमेरिकेतल्या नऊ निवाऱ्यांमध्ये झालेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या सर्दीशी काय काय जोडलेलं आहे ते शोधलं गेलं. दोन गोष्टी ठळक निघाल्या. जमिनीचं क्षेत्रफळ ८ चौरस फुटांपेक्षा जास्त असलेल्या पिंजऱ्यात सर्दी कमी. आणि पहिल्या सात दिवसांत ज्या मांजरांना दोनपेक्षा कमी वेळा जागेवरून हलवलं, त्यांच्यातही सर्दी कमी. मला दुसरा मुद्दा जास्त बोलका वाटतो, कारण त्यात एक पैसाही खर्च नाही. आपण मांजराला उचलतो ते त्याच्या भल्यासाठीच: पिंजरा धुवायचा म्हणून, तपासणीसाठी, दर्शनी खोलीत न्यायचं म्हणून. पिल्लांना सात घरं फिरवण्याबद्दल मांजर बदनाम आहे. पण तिथे घर निवडणारी मांजरी असते.

आता पिंजऱ्याच्या आकाराकडे येऊ. पुष्कळ ठिकाणी वापरात असलेला स्टीलचा पिंजरा साधारण ६० सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद असतो. अमेरिकेतल्या निवाऱ्यांच्या पशुवैद्यांच्या संघटनेने २०१० साली काढलेल्या मार्गदर्शिकेत म्हटलं होतं, की मांजराचं अंथरूण, अन्न आणि लिटर यांत एकमेकांपासून किमान ६० सेंटिमीटर अंतर हवं. कागदावर आकृती काढून पाहा. ट्रेनेच निम्मी जागा खाल्ली, मग उरलेल्या पट्टीत हे गणित बसवणार कसं? कितीही माया असली तरी त्या चौकोनात मांजर संडासाशेजारीच जेवणार.

यावरचा तोडगा झकास आहे. शेजारशेजारच्या दोन पिंजऱ्यांमधल्या भिंतीला गोल भोक पाडायचं आणि धारदार कडा लागू नयेत म्हणून त्यात झडप असलेलं रुंद कडं बसवायचं. मांजर सहज जाईल एवढी वाट झाली की एका बाजूला लिटर, दुसऱ्या बाजूला अंथरूण आणि वाट्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शेल्टर मेडिसिन (निवाऱ्यातल्या प्राण्यांचं वैद्यक) विभागाने ही युक्ती पुष्कळ निवाऱ्यांपर्यंत पोचवली. यातला दुहेरी फायदा सफाईच्या वेळी कळतो. मांजर एका बाजूला असताना मधली झडप लावायची, रिकामी बाजू आवरायची. ना उचलाउचल, ना ओरखडे.

सफाईबद्दल आणखी एक. मांजराच्या गालांवर गंधग्रंथी असतात. गाल घासून ते जागेवर 'ही माझी' अशी खूण करत असतं. ती खूण रोज जंतुनाशकाने पुसली, की रोज सकाळी ते नव्याने परक्या घरात जागं होतं. म्हणून तेच मांजर तिथे राहणार असेल, तर घाण झाली तेवढंच पुसायचं, लिटर बदलायचं आणि अंथरूण ओलं किंवा मळलेलं नसेल तर तसंच ठेवायचं. सगळं धुऊन काढायची वेळ मांजर बदलताना.

भोकाची कल्पना ऐकली की निवारा चालवणाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. दोनाचा एक पिंजरा केला तर निम्मी मांजरं ठेवायची कुठे? शंका रास्त आहे, पण उत्तर जागेत नसून दिवसांत आहे. रोज पाच मांजरं येत असतील आणि प्रत्येक २० दिवस राहत असेल, तर एका वेळी निवाऱ्यात १०० मांजरं असतात. मुक्काम १० दिवसांवर आला तर ५०. येणारी मांजरं तेवढीच, दत्तक जाणारीही तेवढीच. रांगांच्या शास्त्रातला हा साधा गुणाकार आहे. सर्दी झालेलं मांजर औषधपाण्यासाठी कित्येक दिवस अडकून पडतं, म्हणजे अपुरा पिंजराच मुक्काम लांबवतो आणि लांबलेला मुक्काम पिंजरे अपुरे पाडतो. हे चक्र थांबवायला सुरुवातीला थोडे दिवस अवघड जातात, हे मात्र खरं.

बाकीच्या सुधारणा पटकन सांगता येतील. बसायला उंचावर फळी हवी. कुत्र्यांच्या भुंकण्यापासून लांब खोली हवी. माणसाला २० किलोहर्ट्झच्या पुढे ऐकू येत नाही, मांजराला त्याच्या कितीतरी पुढचं येतं, त्यामुळे पिंजऱ्याच्या दाराचा खणखणाटही त्याला वेगळाच लागत असणार. ऊब हवी, कारण मांजराला सुखाचं वाटणारं तापमान ३० अंश सेल्सिअसच्या पुढे सुरू होतं आणि नुसत्या स्टीलवर ते कुडकुडतं.

खोक्याचं पुढे काय होतं, तेही पाहण्यासारखं आहे. चार-पाच दिवसांनी मांजर त्याच्या तोंडाशी येऊन बसतं. मग कधीतरी त्याच्या छपरावर. पुठ्ठ्याच्या एका कडेवर केस चिकटलेले आणि तेलकट डाग दिसू लागतो, तिथे ते गाल घासत असतं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या प्राणी-संस्थेने तर असा खोका बनवला, की पिंजऱ्यात तो लपायची जागा आणि बसायचं मचाण होतो आणि दत्तक जाताना घडी बदलून त्याचीच मांजर न्यायची पेटी होते. नव्या घरी मांजर उतरतं ते त्या तेलकट डागासकट.